डॉक्टरसाहेबांची शाळा

अंधेरी असो, बोरिवली असो की घाटकोपर, आपल्या उपनगरांत दवाखान्याच्या दारावर अधूनमधून एक पाटी लटकलेली दिसते : ‘डॉक्टर कॉन्फरन्सला गेले आहेत. दवाखाना उद्या उघडेल.’ बाहेर खोकत उभी असलेली माणसे ती वाचतात आणि आपापल्या परीने अर्थ लावतात. कोणी म्हणते लोणावळ्याला गेले असतील, कोणी म्हणते औषध कंपनीने नेले असेल. आम्हाला मात्र त्या डॉक्टरांबद्दल सहानुभूती वाटते. रविवारी प्रशिक्षणाला बसवले जाणे म्हणजे काय, हे शिक्षकाइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

होय वाचकहो, डॉक्टरांनाही शाळा असते, आणि ती डिग्री मिळाल्यावरही सुटत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नियम असा की, डॉक्टरांनी दर ५ वर्षांनी आपल्या नोंदणीचे नूतनीकरण करावे आणि त्यासाठी त्या ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमा करावेत. हे पॉइंट मिळतात कुठे? व्याख्यानांना, परिषदांना, कार्यशाळांना बसून. म्हणजे आमच्या शाळेत पाचवी ‘ब’च्या मुलांना हजेरीची जितकी काळजी नसते, तितकी पन्नाशीतल्या सर्जनला असते. हॉलच्या दाराशी रजिस्टर ठेवलेले असते, त्यावर सही झाली की अर्धी लढाई जिंकली. उरलेली अर्धी खुर्चीवर बसून लढायची असते.

अशा एका लढाईला हजर राहण्याचा योग आम्हालाही आला. आमच्या उपनगरातल्या एका रुग्णालयाला टीबीबद्दलचे माहितीपत्रक मराठीत आणि उर्दूत छापायचे होते. भाषा तपासायला कोणी तरी दोन्ही लिप्या वाचणारे हवे होते. ‘रविवारी या, डॉक्टरांची व्याख्यानेही आहेत, जेवणही आहे,’ असा निरोप आला. विनामूल्य ज्ञान आणि विनामूल्य जेवण एकाच छताखाली मिळत असेल, तर शिक्षक नाही म्हणत नाही.

हॉलमध्ये शिरताच आम्हाला घरी आल्यासारखे वाटले. बैठकव्यवस्था अगदी आमच्या वर्गासारखी होती. पहिल्या रांगेत ज्येष्ठ मंडळी सोफ्यावर. मधल्या रांगांत दवाखाना बंद करून आलेले फॅमिली डॉक्टर; त्यांचे एक डोळा पडद्यावर, एक मोबाईलवर. आणि शेवटच्या बाकांवर, जिथे सगळ्या जगातली खोडकर मुले बसतात, तिथे रेसिडेंट डॉक्टर. फरक एवढाच, की ही मुले खोड्या करत नव्हती. रात्रभर ड्युटी करून आल्यामुळे ती बिचारी बसल्या जागी डुलत होती. त्यातला एक आमच्या शेजारच्या इमारतीतला. त्याने आम्हाला सलाम केला आणि सलामाचा हात खाली येईपर्यंत त्याचे डोळे मिटले होते.

मग दिवे मालवले गेले आणि एसी वाढवला गेला. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की, पाठाची सुरुवात प्रस्तावनेने करावी, मग हेतुकथन, मग विषयविवेचन, शेवटी मूल्यमापन आणि स्वाध्याय. सरावपाठाच्या वेळी मागे वही घेऊन बसलेले प्राध्यापक एकेक पायरी तपासत. ते प्राध्यापक त्या दिवशी आमच्या शेजारी असते, तर त्यांची वही पहिल्या दहा मिनिटांत भरली असती. वक्त्यांची प्रस्तावना म्हणजे त्यांच्या पदव्यांचे वाचन, आणि ते वाचणाऱ्याला मध्ये पाणी प्यावे लागले. हेतुकथन झालेच नाही. विषयविवेचन मात्र असे झाले की, एका स्लाइडवर आमच्या इतिहासाच्या पुस्तकाचा अख्खा धडा मावला असता. वक्ते स्वतःच म्हणाले, ‘ही स्लाइड जरा गर्दीची आहे, मागच्यांना दिसणार नाही.’ मागच्यांना पुढचीही दिसत नव्हती, कारण ते झोपले होते.

तुम्ही म्हणाल, हे आम्ही रंगवून सांगतो आहोत. तर एक खरी गोष्ट ऐका. कॅनडातल्या तीन डॉक्टरांनी एका परिषदेत बसून, कोणाच्या माना किती वेळा पुढे पडतात याची चक्क मोजणी केली. त्यांचा अहवाल २००४ सालच्या डिसेंबरमध्ये कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात, नाताळच्या गमतीजमतींच्या अंकात छापून आला. झोप येण्याची कारणे त्यांनी वर्गवारीने दिली आहेत : अंधार, उबदार खोली, आरामशीर खुर्ची, वाईट स्लाइड, जेवणानंतरची वेळ, आणि सर्वांत घातक म्हणजे वक्त्याचा एकसुरी आवाज. वक्त्याने ट्वीडचा कोट घातला असेल तरी धोका वाढतो, असेही त्यांना आढळले. मुंबईच्या हवेत ट्वीडचा कोट कोणी घालत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. पण एकसुरी आवाजावर आमच्याकडेही औषध नाही. बी.एड.मध्ये त्याला ‘चेतक बदल कौशल्य’ म्हणतात. आवाज चढवा, उतरवा, वर्गात फिरा. आमचे वक्ते मात्र पोडियमला असे धरून उभे होते, की जणू सोडले तर लोकल सुटेल.

बरे, वक्ता रंगतदार असला म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. अमेरिकेतल्या काही अध्यापकांनी एक प्रयोग केला, तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी एका नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ या नावाने उभे केले. विषय दिला भला मोठा : डॉक्टरांच्या शिक्षणात गणिती खेळ-सिद्धांताचा उपयोग. नटाला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. त्याला सांगितले होते की एकमेकांना छेद देणारी विधाने कर, नसलेले शब्द वापर, मधूनमधून विनोद कर आणि प्रश्न आला तर गोल गोल फिरव. समोर बसले होते मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी शिकलेली मंडळी. व्याख्यानानंतर त्यांनी अभिप्रायाचे फॉर्म भरले आणि बहुतेकांनी वक्त्याची वाहवा केली. एकाने तर या डॉक्टरांचे लेख आपण पूर्वी वाचले आहेत, असे लिहून दिले! तेव्हापासून शिक्षणशास्त्रात याला ‘डॉ. फॉक्स परिणाम’ म्हणतात. आमच्या बाजूला बसलेल्या एका डॉक्टरांना आम्ही हे हळूच सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘त्या नटाचा नंबर आहे का? पुढच्या महिन्याचा वक्ता अजून ठरलेला नाही.’

पण वाचकहो, डॉक्टरांच्या शिकवणीची ही परंपरा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिचा एक जुना धागा आपल्याला ओळखीचा आहे. दहाव्या शतकातला बगदादचा ग्रंथसूचीकार इब्न अल-नदीम याने हकीम अबू बक्र अल-राझी यांच्या मजलिसीचे वर्णन लिहून ठेवले आहे. उस्ताद मधोमध बसत. त्यांच्याभोवती शागिर्दांचे वर्तुळ, त्याच्या बाहेर शागिर्दांच्या शागिर्दांचे, आणि त्याही बाहेर आणखी एक. रुग्ण आला की आपले दुखणे आधी सर्वांत बाहेरच्या वर्तुळाला सांगे. त्यांना उत्तर आले तर ठीक, नाही तर तो आतल्या वर्तुळाकडे जाई, आणि सगळेच अडले तरच अल-राझी तोंड उघडत. आमच्या मते जगात याहून चांगली पाठपद्धती झालेली नाही. इथे शेवटच्या बाकावरच्याला झोपता येत नव्हते, कारण रुग्ण पहिल्यांदा त्याच्याकडेच येई.

दमास्कसला नूरुद्दीन झंगी यांनी बाराव्या शतकात बांधलेल्या बीमारिस्तानात अबुल मज्द नावाचे तबीब आधी रुग्णांची फेरी पूर्ण करीत, मग मोठ्या दालनात बसून शागिर्दांसोबत तीन तास ग्रंथवाचन आणि चर्चा करीत. आज ज्याला ‘राउंड’ आणि ‘लेक्चर’ म्हणतात, ते दोन्ही तिथे होतेच. जेवणाची थट्टाही तेव्हापासूनची. अकराव्या शतकात बगदादचे ख्रिस्ती तबीब इब्न बुतलान यांनी ‘दावत अल-अतिब्बा’, म्हणजे तबीबांची मेजवानी, नावाची एक विनोदी कथा लिहिली. तीत एक कंजूष म्हातारा तबीब तरुण तबीबाला जेवायला बोलावतो आणि ताट पुढे आले की, ‘हा पदार्थ तब्येतीला वाईट’ म्हणून एकेक पदार्थ उचलायला लावतो. वर वैद्यकाचे प्रश्न विचारून त्याची परीक्षाही घेतो.

आमच्या मुंबईत भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते १८४५ साली. तिथल्या पहिल्या तुकडीतून पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे नामवंत निघाले. मग नायर, केईएम, शीव. सगळी कॉलेजे शहरात, आणि उपनगरातली पोरे डबे घेऊन लोकलने तिकडे. पश्चिम उपनगरात पालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय आले ते थेट २०१५ साली, जुहूच्या कूपर रुग्णालयात. आपल्या युनानी विद्यार्थ्यांसाठी वर्सोव्याला अंजुमन-ए-इस्लामचे तिब्बिया कॉलेज आहे, ही आमच्या वाचकांना ठाऊक असलेली गोष्ट.

आता ‘राउंड’चा विषय निघालाच आहे, तर आमच्या खालाजानची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागे त्या एका मोठ्या रुग्णालयात होत्या. प्लीहा वाढली होती, म्हणजे आपण उर्दूत जिला तिल्ली म्हणतो ती. दुखणे शिकवण्याजोगे असल्यामुळे रोज विद्यार्थ्यांची एक तुकडी येऊन त्यांच्या पोटावर हात ठेवून जाई. चौथ्या दिवशी मोठे सर आले. एका मुलाला म्हणाले, ‘सांग, हाताला काय लागते?’ मुलगा घामाघूम. सर दुसरीकडे पाहताहेत असे बघून खालाजान हळूच म्हणाल्या, ‘तिल्ली बोल बेटा, तिल्ली.’ मुलगा ओरडला, ‘स्प्लीन, सर!’ सर खूश. ते पुढच्या खाटेकडे वळल्यावर खालाजानने त्याला समजावले, ‘बाईं बाजू दबाते हैं. तू सीधी तरफ ढूंढ रहा था.’ घरी आल्यावर महिनाभर त्या सगळ्यांना सांगत होत्या, ‘मैंने एक डॉक्टर पास कराया.’ यात हसण्यासारखे आहे, तसे एक बोचणारेही आहे. चार दिवस त्यांच्या डोक्यावरून इंग्रजीत चर्चा चालली होती, आणि त्यांना नेमके काय झाले आहे हे त्यांना समजावून सांगितले कोणीच नव्हते. ‘तिल्ली’ हा शब्दही त्यांनी वॉर्डबॉयकडून मिळवला होता.

तर आपल्या हॉलकडे येऊ. दुसरे व्याख्यान संपले, प्रश्नोत्तरे सुरू झाली. एक डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, ‘माझा प्रश्न नाही, फक्त एक टिप्पणी आहे.’ ती टिप्पणी अकरा मिनिटे चालली. अध्यक्षांनी दोनदा घंटा वाजवली. मागच्या दाराने बिर्याणीचा वास आत येऊ लागला होता, आणि हॉलमधल्या सर्वांना एकदम जाग आली होती.

एवढ्यात तिसरे वक्ते उभे राहिले. सत्तरीच्या घरातले, छातीच्या विकारांचे डॉक्टर. त्यांनी पहिली गोष्ट केली ती दिवे लावायला सांगितले. स्लाइड एकही नव्हती. त्यांनी कोरे कागद वाटायला लावले आणि म्हणाले, ‘तुमच्या दवाखान्यात तीस वर्षांचा माणूस आला आहे. फुफ्फुसाचा टीबी आहे, थुंकीत जंतू सापडले आहेत, पूर्वी कधी औषध घेतलेले नाही. चिठ्ठी लिहा. नाव लिहू नका. पाच मिनिटे.’

काय सांगावे, हॉलचा रंगच बदलला! पहिल्या रांगेतले शेजाऱ्याच्या कागदात डोकावू लागले. मोबाईल खिशात गेले. आमच्या शेजारचा रेसिडेंट उठून बसला. कागद गोळा झाले आणि डॉक्टरसाहेब एकेक वाचू लागले. औषधे कमी, औषधे जास्त, मुदत तीन महिने, मुदत नऊ महिने, सोबत दोन टॉनिक. कोणाचे नाव नसल्यामुळे सगळे मोकळेपणी हसत होते, पण आपला कागद आला की हसणे थांबत होते.

मग त्यांनी आकडे सांगितले, ते आम्ही माहितीपत्रकाच्या पाठीवर लिहून घेतले. १९९१ साली मुंबईतल्या १०० खाजगी डॉक्टरांना टीबीची चिठ्ठी लिहायला सांगितली, तेव्हा ८० वेगवेगळ्या प्रकारची औषधयोजना निघाली. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या लिहिल्या. त्यातल्या बरोबर होत्या फक्त ६. अर्धवट औषध मिळाले की जंतू मरत नाही, निर्ढावतो. मग नेहमीची औषधे त्याच्यावर चालत नाहीत, आणि तोच निर्ढावलेला जंतू खोकल्यातून चाळीच्या दुसऱ्या खोलीत जातो.

हॉलमध्ये शांतता होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून आमच्या त्या झोपाळू रेसिडेंटने हात वर केला. ‘सर, पेशंटचे वजन किती?’

म्हातारे डॉक्टर हसले. म्हणाले, ‘या प्रश्नाची मी वाट पाहत होतो. टीबीच्या गोळ्या वजनाच्या गटाप्रमाणे ठरतात. मी वजन मुद्दाम सांगितले नव्हते. इतक्या जणांनी चिठ्ठी लिहिली, विचारले कोणीच नाही.’

आमच्या मनात अल-राझींचे बाहेरचे वर्तुळ आले. आमच्या वहीतल्या त्या प्राध्यापकांनी या पाठाला पैकीच्या पैकी गुण दिले असते. हेतू स्पष्ट, प्रश्न नेमका, मूल्यमापन जागेवर, आणि विद्यार्थी जागे.

जेवणाच्या रांगेत चर्चा त्याच चिठ्ठ्यांची चालली होती. बॅगा आणि पेने वाटणारे कोणी दिसले नाही. २००९ साली डॉक्टरांच्या आचारसंहितेत औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवास आणि पाहुणचार घेण्यास मनाई आली, आणि २०२४ साली सरकारने कंपन्यांसाठीही तशी संहिता काढली. एक ज्येष्ठ डॉक्टर उसासा टाकून म्हणाले, ‘पूर्वी या बॅगांवर मुलांची शाळेची वर्षे निघायची.’ पण चिठ्ठीवर कोणाचे औषध लिहायचे हे बॅगेने ठरवू नये, हे त्यांनाही मान्य होते.

जेवण झाल्यावर आम्ही आमचे काम केले. माहितीपत्रकाच्या मराठी मसुद्यात लिहिले होते : ‘रुग्णाने औषधोपचाराचे काटेकोर अनुपालन करावे.’ उर्दू मसुदा त्याहून जड होता. तो समजायला आधी मौलवीसाहेब आणि मग शब्दकोश लागला असता. आम्ही दोन्हींवर लाल शाई फिरवली आणि सरळ लिहिले : ‘गोळ्या रोज घ्या. बरे वाटले तरी थांबवू नका. डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद करा.’ एक तरुण डॉक्टर म्हणाले, ‘एवढे सोपे लिहिले तर शास्त्रीय वाटणार नाही.’ आम्ही त्यांना खालाजानची गोष्ट सांगितली. त्यांनी मसुद्यावर सही केली.

पाठ संपला की स्वाध्याय द्यावा लागतो, तो आमच्या वाचक भावाबहिणींना देतो. घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्या. पालिकेच्या दवाखान्यात ती मोफत होते. टीबी निघाला तर औषध लिहिण्याआधी वजन केले का, ते पाहा. केले नसेल तर अदबीने विचारा, ‘डॉक्टरसाहेब, वजन करायचे का?’ साध्या टीबीचा उपचार साधारण ६ महिन्यांचा असतो, तो अर्धवट सोडू नका. खाजगी डॉक्टरांनाही प्रत्येक टीबी रुग्णाची सरकारकडे नोंद करणे २०१२पासून बंधनकारक आहे. ती झाली की नाही हेही विचारून घ्या. नोंद झालेल्या रुग्णाला पोषणासाठी सरकारकडून महिन्याला मदत मिळते. ती आधी ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४पासून १,००० रुपये झाली आहे. यात लाजण्यासारखे काही नाही. मुलीचे लग्न अडेल म्हणून खोकला लपवणारी घरे आम्ही पाहिली आहेत. खोकला लपत नाही, उपचार मात्र लांबतो.

आणि डॉक्टर कॉन्फरन्सहून परतले की त्यांना एकदा विचारा, ‘काय शिकून आलात?’ आमचे विद्यार्थी सहलीहून परतल्यावर आम्ही हाच प्रश्न विचारतो. जो खरोखर काही पाहून आलेला असतो, तो आनंदाने सांगू लागतो. जो फक्त डबा खाऊन आलेला असतो, तो म्हणतो, ‘मजा आली.’ डॉक्टरसाहेब काय म्हणतात, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.